सतरा नंबरचा पुठ्ठा

चित्रकलेच्या तासाला आमचे सर वर्गाच्या दारात पत्र्याचा डबा धरून उभे राहायचे. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपलं खोडरबर त्या डब्यात टाकायचं, तास संपला की ज्याचं त्याला परत. कुणी खिशात लपवून नेलं तर सरांना ते कसं कळायचं कोण जाणे. ते थेट त्या बाकापाशी जाऊन हात पुढे करायचे. "दे बे, कारागीर. चूक झाली तं तिच्यासंगं बसाचं. पुसून कुठी जाते ते?"

लहानमोठ्या सगळ्यांना ते कारागीर म्हणत. मंगरूळपीरच्या स्टँडवर चहावाला कारागीर, दर्ग्याजवळचा सायकल दुरुस्तीवाला कारागीर. एकदा बोलण्याच्या भरात मुख्याध्यापकांनाही म्हणाले. ते मुख्याध्यापकांना आवडलं नव्हतं.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. आज मी वाशिमला एका शाळेत भूगोल शिकवते. महाराष्ट्राचा नकाशा पुस्तक न उघडता फळ्यावर काढते, आणि मुलं मोबाईलवर तो ताडून बघतात. कोकणाचा किनारा काढताना एखादी मुलगी "मॅडम, बरोबर आहे" असं म्हणते तेव्हा मला सरांची आठवण होते. हा हात त्यांनी दिला. पण कृतज्ञता सांगायला मला पुष्कळ जागा मिळाल्या आहेत. इथे मला एक काम पुरं करायचं आहे.

आमच्या जुन्या शाळेत चित्रकलेसाठी नवी खोली बांधली गेली. तिला नाव काय द्यायचं हे ठरवायला माजी विद्यार्थ्यांची बैठक भरली. मी सरांचं नाव सुचवलं. दोन-तीन माना डोलल्या. तेवढ्यात समितीतली एक बाई म्हणाली, "ज्याइच्यावर चौकशी झाली त्याइचं नाव भिंतीवर लावाचं का? पोट्ट्यायले घान सिनेमा दाखवला होता म्हनून बदली झालती त्याइची." नव्या बॅचच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

ती बाई सहावीपासून दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. आता तिचं शेलूबाजारला सेतू केंद्र आहे, दाखले आणि ऑनलाईन अर्ज भरून देते. बैठक संपल्यावर मी तिला दारात गाठलं. "तूही होतीस त्या दिवशी. काय घाण होतं त्यात?"

"अवं, झाकलेलं कायले उघडं करून राह्यली?" ती म्हणाली आणि गाडीला किक मारून निघून गेली.

घरी येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. सरांवरचा हा डाग पुढच्या बैठकीच्या आत काढायचा, आणि ऐकीव गोष्टीवर नाही, तर तो सिनेमा स्वतः पुन्हा बघून.

सर आम्हाला माणसं पाठमोरी काढायला लावायचे. "तोंड पाह्यलं का मानूस खोटं बोलते. पाठीले खोटं बोलता येत नाही." पोहरादेवीच्या यात्रेला ते आम्हाला जीपमध्ये कोंबून न्यायचे. तिथं देवळासमोर नाही, तर रांगेच्या शेवटी, गर्दीच्या मागं बसवायचे. आम्ही चार-चार तास लोकांच्या पाठी काढायचो. ओझं उचललेली पाठ, पोर कडेवर घेतलेली पाठ, नवस फेडून हलकी झालेली पाठ. माझ्या वहीत एकदा सगळ्या पाठी सारख्याच आल्या होत्या. सरांनी वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे सारे एकाच मायचे लेकरं हायेत का?"

मे महिन्यातही ते बाटलीच्या हिरव्या रंगाचा स्वेटर घालायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ऊन बाहेर हाय. मी आत हाव." एसटीनं जायचं असलं तरी एक थांबा पुढं चालत जाऊन गाडी पकडायचे, कारण स्टँडवर उभं राहिलं की ओळखीचे लोक तोंड दाखवतात. ड्रॉइंगबद्दल मात्र ते कुणाची भीड ठेवत नसत. संस्थेच्या एका मोठ्या माणसानं स्वतः रंगवलेलं गणपतीचं चित्र शाळेला भेट दिलं, तेव्हा सर भर कार्यक्रमात म्हणाले, "उंदीर बरा जमला."

तो सिनेमा त्यांना अकोल्यात मिळाला. सीड्यांचे दिवस होते. ते रंग आणायला गेले होते, आणि दुकानदारानं ज्या खोक्यावर चित्र दिसेल ते सगळं लहान मुलांच्या ढिगात टाकलेलं होतं. परदेशातला, मोठ्यांसाठी केलेला कार्टून सिनेमा आम्हाला शोभणारा म्हणून सर घेऊन आले. खोलीवर लावून पाहिला तेव्हा त्यांना कळलं की हे मुलांचं नाही. त्यात मुंडकी उडत होती, दारू होती, दोन-चार ठिकाणी कपड्यांचाही प्रश्न होता.

दुसऱ्या कुणीही ती सीडी फेकून दिली असती. सरांना ते जमलं नाही, कारण त्या एका सिनेमात पाच वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या पाच वेगळ्या चित्रकारांनी पाच तऱ्हांनी काढलेल्या होत्या. एक पाण्याच्या रंगात, एक जाड शाईत, एक कागद कापून चिकटवल्यासारखी. मंगरूळपीरात बसून आम्हाला असं दुसरीकडे कुठं बघायला मिळणार होतं? "रेघ एकाच जातीची असते हे कोनं सांगतलं तुमाले?" ते आम्हाला म्हणाले. "येत्या शनवारी दाखवतो."

तो शनिवार यायला महिना लागला. सरांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून एक वही तयार केली. त्यात मिनिट, सेकंद, पडद्याचा कोणता कोपरा आणि झाकायचा आकार असे रकाने होते. मग त्या मापाचे पुठ्ठे कापले आणि जुन्या छत्रीच्या काड्यांना चिकटवले. दारूच्या पेल्यासाठी छोटा गोल. तलवारीसाठी लांबट. एक अर्ध्या चंद्रासारखा होता, तो कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येकावर नंबर टाकलेला. एक ते अठरा.

सकाळची शाळा सुटल्यावर सरांच्या शनिवारच्या चित्रकला वर्गातले आम्ही अकरा जण त्यांच्या दर्ग्यामागच्या खोलीत जमलो. खिडकीला चादर लावली होती. टीव्हीचा आवाज बंद, कारण इंग्रजी कुणाला कळणार नव्हतं आणि कळलं तर जास्तच वाईट. सर टीव्हीशेजारी उभे. एका हातात काडी, दुसऱ्या मनगटावर घड्याळ, आणि तोंडानं गोष्ट. पडद्यावर परदेशी शिपाई चिखलातून चालला होता. सर सांगत होते की हा मानोरा डेपोचा कंडक्टर हाय, याच्या घंटीची दोरी तुटली, आता गाडी थांबवाची कशी? मधेच काडी वर यायची, पडद्याचा एक तुकडा झाकला जायचा, काडी खाली. दुसऱ्या गोष्टीतला क्रूर राजा सरांच्या तोंडी तहसीलमधला बाबू झाला. त्याचा शिक्का हरवला म्हणून तो कागदावर नाकानं शिक्का मारत होता. आम्ही लोळून हसत होतो. मधूनच सर ओरडायचे, "हसून का राह्यले? रेघ पाहा. रेघ."

तिसऱ्या गोष्टीत वीज गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, तरी गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा सीडी भलत्याच जागी सुरू झाली आणि सरांचं घड्याळ आणि सिनेमा यांची फारकत झाली. नऊ नंबरचा पुठ्ठा आला तो एका झाडावर. झाड झाकलं गेलं आणि शेजारून एक बाई पाठमोरी नदीत उतरून गेली. दोन-तीन सेकंद. ती बरीच लांब होती. सर स्वतःच टीव्हीपुढे आडवे झाले. पडद्याच्या कडेला नुसता हिरवा स्वेटर दिसत होता.

नंतर त्यांनी घाम पुसला, वही पाहिली, घड्याळ लावलं. चौथी गोष्ट सुरू व्हायच्या आधी त्यांनी पलंगामागून सतरा नंबरचा पुठ्ठा काढला. तो काडीवरचा नव्हता. फ्रिजच्या खोक्याची अख्खी बाजू होती ती. तिनं पूर्ण टीव्ही झाकला गेला.

"सर, काहीच दिसून नाही राह्यलं," कुणीतरी म्हणालं.

"कानानं पाहा," सर म्हणाले, आणि त्यांनी एका शेळीची गोष्ट सुरू केली. ती शेळी शेलूबाजारच्या बाजारातून सुटून एसटीत चढते आणि खिडकीजवळची जागा सोडायला तयार होत नाही. सात-आठ मिनिटं ती गोष्ट चालली. मला पुठ्ठ्याच्या कडेवरची सरांची बोटं आठवतात, रंगानं माखलेली. आणि आठवतं की मी हसले. त्या वर्षी पोळ्यापासून मी हसले नव्हते. हसून झाल्यावर मला लाज वाटली होती.

सोमवारपर्यंत नदीतली बाई गावभर झाली. माझ्या बाकावरच्या मुलीनं घरी सांगितलं होतं, फुशारकीनं, जशी त्या वयात सांगतात तशी. तिचे वडील चौघांना घेऊन शाळेत आले. मग चौकशी बसली. आम्हा अकरा जणांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. "काय पाहिलं?" मी खरं तेच सांगितलं. कंडक्टरच्या घंटीची दोरी तुटली, बाबू नाकानं शिक्का मारत होता, शेळी एसटीत बसली. चौकशीवाल्यांनी तोपर्यंत ती सीडी पुठ्ठ्यांशिवाय पाहिलेली होती.

"हे बोलायला कोणी शिकवलं तुला?"

"कोनीच नाही."

"सिनेमा इंग्रजी आहे ना गं? त्यात मानोऱ्याचा कंडक्टर कसा?"

 बहुतेक मुलांनी शपथेवर तोच कंडक्टर आणि तीच शेळी सांगितली, आणि अहवालात लिहिलं गेलं की विद्यार्थ्यांना पढवून आणल्याचं दिसतं. सरांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दाखवला. मीच दाखवला." त्यांना संस्थेच्या दुसऱ्या, आडगावच्या शाळेत पाठवलं. शनिवारचा वर्ग बंद झाला.

ते सामान बांधत होते तेव्हा मी गेले होते. पुठ्ठे चुलीजवळ रचलेले. मी म्हटलं, "सर, हे त्याइले काहून नाही दाखवले?"

"दाखवले असते तं त्याइनं इचारलं असतं का याइच्या मांगं काय होतं. मंग मीच सांगाचं का? मंग झाकलं कायले?"

त्या बैठकीनंतर एका सहकाऱ्यानं तो सिनेमा मला शोधून दिला. आता नेटवर त्याचे भक्त आहेत म्हणे, त्यातल्या एकेका चित्रावर पानंच्या पानं वाद घालतात. रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला, शेजारी वही घेतली आणि सरांसारखे रकाने आखले. मिनिट, सेकंद, काय दिसतं.

पहिली गोष्ट आता मला कंटाळवाणी वाटली. कंडक्टरशिवाय तिच्यात काही नव्हतं. दुसरीत रक्त फार. तिसरीत नदी आली, बाई आली, गेली. मी थांबवून पुन्हा पाहिलं. एवढ्या लांबून ती बाई आहे हेही सांगावं लागतं.

मग चौथी सुरू झाली. कोळशानं काढलेली, शब्द एकही नाही. एक विहीर. पाच-सहा वर्षांचा मुलगा बैलासाठी पाणी काढायला वाकतो आणि पडतो. पडताना दाखवलेला नाही, नुसता दोर सरसर जातो. मग त्याची आई येते. ती बादली सोडते, वर ओढते, पाण्यात बघते, ओतून देते, पुन्हा सोडते. संध्याकाळ होईपर्यंत. तिची पाठच दिसते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या पाठीसारखी पाठ मी आजवर कुठल्या चित्रात पाहिलेली नाही.

माझा धाकटा भाऊ पोळ्याच्या दिवशी विहिरीत पडून गेला. बैल धुवायला पाणी काढत होता. सहा वर्षांचा होता. मी घरात पुरणासाठी डाळ निवडत बसले होते. त्यानंतर मी वर्गात बोलत नव्हते, वहीत काही काढत नव्हते. सर्वांनी माझ्या आईवडिलांना येऊन काही ना काही म्हटलं. सर आले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत.

मी तो भाग पूर्ण पाहिला. पाच चित्रकारांच्या हातांमध्ये तोच हात सगळ्यात मोठा होता, हे सरांना माझ्याआधी कळलेलं असणार. आम्हाला पाच हात दाखवायला त्यांनी महिनाभर पुठ्ठे कापले, आणि दाखवले चारच. झाकलेल्या अठरा जागांपैकी या एका जागी झाकण्यासारखं काहीही नव्हतं, होतं ते फक्त माझ्यासाठी.

त्या आठवड्यात मी निवेदन लिहिलं. पुठ्ठे, वही, वीज, शेळी, सगळं. आणि सतराव्या पुठ्ठ्याचा परिच्छेद, भावाच्या नावासकट. तो परिच्छेद नसता तर सर मुलांपासून काय झाकत होते आणि का, हे कुणाला पटलं नसतं.

निवेदन घेऊन मी सरांकडे गेले. ते आता मानोऱ्याच्या पुढे एका गावी मुलीकडे राहतात. एका डोळ्यानं कमी दिसतं. ओट्यावर स्वेटर घालून बसले होते.

"कोन व्हय? कारागीर का?"

मी पायावर डोकं ठेवलं आणि कागद दिला. त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ वाचला.

"समास वाकडा हाय."

"हो सर."

"भिंतीवर नाव कायले पायजे मले? मी जिता हाव अजून. जित्या मानसाचं नाव भिंतीवर बेकार दिसते." मग त्यांनी सतराव्या पुठ्ठ्याच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "हे काढ."

"काहून, सर?"

"त्या भागाची ड्रॉइंग बेकार होती. कोळसा फासला होता नुसता. तुमाले काय दाखवाचं ते? म्हनून झाकला."

"सर, मी पाह्यला तो भाग."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पाह्यला? पुरा?"

"पुरा."

 आतून त्यांची मुलगी चहा घेऊन आली, ठेवून गेली. मग ते म्हणाले, "तरी काढ. तुह्या घरचं हाय ते. माह्या नावासाठी चौकात नको आनू."

"नाही काढणार, सर."

सरांना मी नाही म्हटल्याची ही पहिली वेळ होती. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "मंग समास तरी सरळ कर."

येताना मी आईकडे थांबले. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, चार लोकांत बाळाचं नाव घेतलं तर चालेल का? आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "घे. कोनी घेत नाही आता त्याचं नाव."

बैठकीत मी उभं राहून निवेदन वाचलं.  शेळीच्या ठिकाणी काही जण हसले. सतराव्या पुठ्ठ्याशी आल्यावर मी थांबले. मी पाणी प्यायले आणि तो परिच्छेद पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला, भावाचं नाव आलं तिथं न थांबता.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण इतक्या वर्षांनी याला पुरावा काय? त्या पुठ्ठ्याआड तेच होतं हे कोणी पाहिलं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. झाकलं होतं.

तेव्हा माझ्या बाकावरची उठली. पर्स मांडीवरून खाली पडली ती तिनं उचलली नाही.

"हिच्या कागदात एक चूक हाय," ती म्हणाली. "हिनं लिहलं का सरनं पुठ्ठा एकट्यानं धरला. फ्रिजचा पुठ्ठा होता तो. एकट्याच्यानं धरल्या जाते का? वीज गेल्यावर सर घाबरले होते. मले बोलावलं अन दुसरं टोक धराले लावलं."



"मले मांगून सारं दिसे. इहीर, पोरगं, त्याची माय. सरनं तोंडानं शेळी सांगतली, अन डोळ्यानं मले सांगतलं का बोलू नको." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "नदीतल्या बाईचं मी घरी सांगतलं. सरची बदली माह्या तोंडानं झाली. पन हे मी कोनाले नाही सांगतलं. हिले बी नाही. बाकावर रोज बसे माह्याशेजारी, तरी नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग ठरावाला तुमचा विरोध?"

"माहा नाही."

आणखी कुणाचा आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं.  कारकुनानं रजिस्टर पुढं ओढून 'एकमतानं मंजूर' असं लिहिलं आणि निवेदन जोडायला मागितलं. मी म्हटलं, एक मिनिट. पेन काढून मी 'एकट्याने' या शब्दावर रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहायला लागले. मग थांबून तिला विचारलं, नाव माहेरचं लिहू का सासरचं.

"तवा माहेरचंच होतं," ती म्हणाली. "तेच लिही."